गवताच्या गाडीचा दोर

गवताची गाडी भरली की तिचा दोर एकदा आवळून भागत नाही. गवत दमतं. उतारावर गाडी हलते, दचके बसतात, गवत खाली बसत जातं आणि तासाभरापूर्वी दगडासारखा टणक लागलेला दोर हाताला लिबलिबीत लागतो. म्हणून गाडी थांबली की पहिलं काम दोराचं. दोरात अडकवलेल्या खुंटीचा पीळ उलटा सोडायचा, दोर सैल करायचा, गवताला जरा अंग टाकू द्यायचं, आणि मग पुन्हा पीळ देऊन आवळायचं. माझ्या सासूने मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं, पाठीत धपाटा घालून. त्याला चाळीस वर्षं झाली. आता गाडी थांबली की बैल माना खाली घालतात, म्हातारा खोकतो आणि माझे हात खुंटीकडे जातात. डोक्यात काय चाललंय ते हातांना विचारावं लागत नाही.

त्या वर्षी माळावर गवत कंबरेइतकं आलं होतं आणि ते खाली आणायची वाट बंद होती. वाट माझ्या दिराच्या जमिनीतून जायची, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या. आमच्या गाडीच्या चाकाने त्याच्या कुंपणाचा कोपरा पडला, एवढीच गोष्ट. तो म्हणाला, बांधून द्या. मी म्हटलं, हे कुंपण घातलं तेव्हा दगड कुणी वाहिले होते ते आधी आठव. बोलण्याने बोलणं वाढलं. माझं तोंड कसं आहे ते मला ठाऊक आहे. त्याच्या दारात उभं राहून, त्याच्या बायकोदेखत, मी म्हटलं, ‘माझा पाय पुन्हा इथे दिसला तर खुशाल कापून टाक!’ आणि चालती झाले. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या वरच्या हद्दीवर आडवा चर खणला. कंबरेइतका खोल आणि रुंदीला इतका की गाडी जाणार नाही. विचारलं तर म्हणे पाणी काढायला. उन्हाळ्यात!

मग आम्ही ओढ्याच्या वाटेने गाडी न्यायला लागलो. दुपटीने लांब. दिवसाच्या दोन खेपांची एक खेप झाली. मुलगा ट्रकवर, तीन-तीन आठवडे बाहेर. घरात माणसं तीनच: मी, म्हातारा आणि सून. म्हातारा म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा तेवढा म्हातारा नव्हता, पण त्याला तसंच म्हणायची सवय मला तिशीपासून आहे.

सून लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली होती. बोलायला कमी, आणि बोलली की नेमकं. अशा माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मला तिचा राग यायचा. आदल्या हिवाळ्यात सरकारी दवाखान्यात तीन दिवसांचं कसलंसं शिक्षण होतं, जखमी माणसाला दवाखान्यात नेईपर्यंत कसं जगवायचं त्याचं. ही गेली. ऐन लाकडं फोडायच्या दिवसांत तीन दिवस. परत आली ती एक लाल पिशवी घेऊन. त्यात पट्ट्या, कापसाचे गुंडाळे, एक कात्री. त्या दिवसापासून मी तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागले. भात करपला की, ‘डॉक्टरीणबाई, याला काही औषध?’ कोंबडी लंगडली की, ‘बोलवा डॉक्टरीणबाईंना.’ सुरुवातीला ती पिशवी माळावर घेऊन यायची. मी इतक्या वेळा हसले की एक दिवस पिशवी घरी भिंतीवरच्या खुंटीला राहिली, ती राहिलीच.

गवत कापायचा कटर तीच चालवायची. खांद्याला पट्टा, पट्ट्याला दांडा, वर इंजिन आणि खाली फिरणारं पातं. म्हातारा त्याच्या आवाजाला घाबरायचा आणि माझा खांदा त्या वजनाने दुखायचा. माझ्या मुलाची जुनी विजार घालून, कानात कापूस कोंबून ती सकाळपासून सरळ रेघेत कापत जायची. मी मागून पेंढ्या बांधायची.

तिच्या कामात मला एकच खोट सापडली होती. ती कडेचं गवत सोडायची. जुन्या, ढासळलेल्या दगडी गडग्याच्या कडेला हात-दीड हाताची पट्टी तशीच उभी ठेवायची. त्या सकाळी मी म्हटलं, ‘कडेला काय पाहुण्यांसाठी ठेवतेस?’

‘गवतात दगड पडलेत, आत्याबाई. दिसत नाहीत.’

‘आम्ही विळ्याने कापायचो तेव्हा दगड नव्हते वाटतं.’

‘विळा थांबवता येतो,’ ती म्हणाली.

‘कुणाला काम करायचं नसलं की दगड दिसतात.’

तिने इंजिन चालू केलं आणि कडेला लागली.

मी पाठ करून पेंढी बांधत होते. आधी दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, मग इंजिनचा आवाज एकदम वर चढला आणि बंद पडला. मी न वळताच म्हटलं, ‘मोडलं का?’

‘आत्याबाई,’ ती म्हणाली. आवाज अगदी साधा. पाणी आणा म्हणावं तसा. ‘इकडे या. पळत या.’

ती गवतात बसली होती. डाव्या मांडीला आतल्या बाजूने, गुडघ्याच्या वर चार बोटं, विजार फाटली होती आणि त्यातून रक्त उडत होतं. वाहत नव्हतं. उडत होतं, थांबत होतं, पुन्हा उडत होतं. मी बकरी कापलेली पाहिली आहे, गाय व्यालेली पाहिली आहे. रक्ताला मी भ्यायले नव्हते कधी. पण ते थांबून थांबून येणं पाहिलं आणि भ्यायले.

तिने दोन्ही हात जखमेवर दाबले होते आणि बोटांच्या फटींतून येतच होतं.

म्हातारा धावत आला आणि मुठीत माती घेऊनच वाकला. ‘भरू? माती भरू?’

‘माती नको!’ ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. ‘आत्याबाई, डोक्याचं फडकं काढा. घडी नका करू. टोकाने आत कोंबा.’

‘आत?’

‘आत. जखमेच्या आत, बोटाने. जिथनं येतंय तिथपर्यंत.’

असा हुकूम मला कुणी सोडत नव्हतं. सासू गेल्यापासून तर नाहीच. मी फडकं सोडलं आणि बोटाने कोंबायला लागले. आत गरम होतं, निसरडं होतं, आणि माझ्या बोटाखाली काहीतरी टकटक करत होतं. ती दात खाऊन कण्हत होती. सगळं फडकं आत गेलं.

‘आता मुठी ठेवा. हात ताठ. अंगाचा भार टाका.’

मी तिच्या मांडीवर अंगाचा भार टाकला.

‘बघू नका उचलून.’

‘मी कशाला बघतेय?’

‘तुम्ही झाकण उचलून बघता सगळ्याचं,’ ती म्हणाली. ‘शंभरपर्यंत मोजा.’

पेंढ्या मोजते तशी मी मोजायला लागले. साठावर पोचले तोवर फडकं भिजून माझ्या मुठींच्या कडेने रक्त यायला लागलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

‘पट्टा बांधावा लागेल,’ ती म्हणाली. ‘जखमेच्या वर. मांडीला.’

म्हाताऱ्याने गाडीचा दोर ओढून आणला.

‘दोर नको, कातडीत रुतेल. रुंद पाहिजे. मामंजी, तुमचा पंचा द्या.’

म्हाताऱ्याने खांद्यावरचा पंचा दिला. चार बोटं रुंद घडी करून मी तो तिच्या मांडीभोवती गुंडाळला आणि गाठ मारली. पुढचं तिने सांगायच्या आत माझ्या लक्षात आलं. गाडीची खुंटी! गाठीत खुंटी अडकवायची आणि पीळ द्यायचा. चाळीस वर्षं दुसरं केलं काय मी?

‘पिळा,’ ती म्हणाली. ‘रक्त थांबेपर्यंत. मी काही म्हटलं तरी पिळा.’

मी पिळलं. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्याला तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या अंगणातल्या जनावराचा असता तर मी हात सोडला असता. चौथ्याला रक्त थांबलं. उडणं थांबलं, मग वाहणंही थांबलं. मी सुतळीने खुंटी पायाला बांधून टाकली.

‘वेळ लिहा,’ ती म्हणाली. ओठ पांढरे झाले होते. ‘माझ्या कपाळावर. डॉक्टरला किती वाजता बांधलं ते कळायला पाहिजे.’

दुसरीत शाळा सुटली तरी आकडे मला येतात. पण त्या वेळी म्हाताऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हाताला एक आकडा आठवेना. भारे मोजताना गाडीच्या फळीवर रेघा ओढायला माझ्या कनवटीला गेरूचा खडा असतो. तो थुंकीने ओला केला आणि तिच्या कपाळावर गोल काढला. गोलात दोन काटे काढले, घड्याळात दिसत होते तसे. लहान काटा दहाच्या जरा पुढे, मोठा चारावर.

‘काय काढलंत?’

‘घड्याळ.’

ती हसली. तशातही हसली. मग माझं मनगट धरून म्हणाली, ‘ऐका आता. नंतर मला बोलता येईल न येईल. पट्टा सोडायचा नाही. पाय निळा पडेल, गार पडेल. सोडायचा नाही. लोक सांगतात मधेमधे सैल करा म्हणून, ते चूक आहे. मी रडले, मी सोडा म्हटलं, तरी सोडायचा नाही. डॉक्टरच सोडतील.’

‘कळलं.’

‘म्हणून दाखवा.’

सासूला म्हणून दाखवा म्हणते! पण मी म्हटलं, ‘सोडायचा नाही.’

म्हातारा उंच खडकावर चढून फोन लावून आला. माळावर तेवढ्याच जागी रेंज येते. अँब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंत येईल म्हणाले. रस्त्याला कुठे याल ते कळवा, म्हणाले. आम्ही गाडीत दोन हात जाड गवत पसरलं, तिला त्यावर आडवं ठेवलं, पाय सरळ केला. ती म्हणाली थंडी वाजतेय. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं आणि तिचे दात वाजत होते. मी तिच्या अंगावर रिकामी पोती टाकली, पोत्यांवर गवत टाकलं, आणि मी शेजारी बसले, तिचं डोकं मांडीला टेकवून.

‘कुठल्या वाटेने?’ म्हाताऱ्याने विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं. बैलांच्या शेपट्यांकडे बघत.

ओढ्याच्या वाटेने तीन तास. दिराच्या हद्दीतून गेलं तर दीड, आणि डांबरी रस्ता त्याच्या दारावरूनच जातो.

‘विचारतोस काय?’ मी म्हटलं. ‘त्याच्या दारातनं.’

‘चर आहे.’

‘चर त्याने खणलाय. तो बुजवेल.’

म्हाताऱ्याने पुन्हा खडकावर जाऊन अँब्युलन्सला दिराच्या दाराशी यायला सांगितलं, मग गाडी हाकली. वाटभर मी तिच्याशी बोलत राहिले. ती म्हणालीच होती, झोपू देऊ नका म्हणून. बोलायला मी कधी कमी पडत नाही, पण त्या दिवशी विषय सुचेनात. शिव्या तेवढ्या सुचत होत्या. गाडीला दचका बसला की म्हाताऱ्याला शिव्या, बैल अडले की बैलांना. मग मी तिला माझ्या सासूच्या गोष्टी सांगितल्या, जुन्या, कुणाला न सांगितलेल्या. पहिल्या वर्षी मी माहेरी पळून गेले होते आणि अर्ध्या वाटेवर भूक लागली म्हणून परत आले, तेसुद्धा.

‘खरं?’ ती पुटपुटली.

‘कुणाला सांगशील तर बघ.’

‘पाणी द्या ना.’

‘द्यायचं का? तूच सांग.’

‘ओठाला लावा नुसतं.’

मी बोट ओलं करून तिच्या ओठाला लावलं. माझ्या बोटांवरचं रक्त वाळून तडकलं होतं. पाणी लागलं की पुन्हा लाल व्हायचं. तिच्या पायाचा तळवा मी दर थोड्या वेळाने बघत होते. आधी पांढरा झाला, मग मेणासारखा पिवळट, मग नखं निळी. हात लावला तर विहिरीतल्या दगडासारखा गार. जिवंत माणसाच्या अंगाला तो पाय लागलेला आहे हे खरं वाटेना.

चरापाशी गाडी थांबली. म्हाताऱ्याने जू तसंच ठेवलं, बैलांच्या पायाशी दगड लावले, आणि चरात उतरून पलीकडे चढला, हाका मारत खाली पळाला. दिराचं घर तिथून चांगलं खाली आहे. त्याची हाक लांब लांब गेली. मग वारा आणि बैलांचं फुरफुरणं तेवढं राहिलं.

गाडी थांबली होती.

ती डोळे मिटून होती. अचानक तिने उघडले. ‘आत्याबाई, सोडा. पाय जळतोय. थोडा सोडा.’

‘नाही सोडायचा. तूच सांगितलंस.’

‘मरतेय हो मी. थोडाच. तुमच्या पाया पडते.’

चार वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. नवा पंखा नाही, माहेरी जायला दोन दिवस नाहीत. मी त्या निळ्या नखांकडे बघितलं. वाटलं, पाय मरतोय. माझ्या डोळ्यांदेखत मरतोय आणि मी राखण करत बसलेय. आणि खरं सांगायचं तर एवढंही वाटलं नाही. गाडी थांबली होती, हाताखाली खुंटी होती. थोडी सैल करायची, जरा अंग टाकू द्यायचं, पुन्हा आवळायचं. माझ्या हाताने सुतळी सोडली. एक फेरा उलटा. दुसरा फेरा उलटा.

तिने ‘हाऽ’ केलं, तहानलेल्याने पाणी प्यावं तसं.

आणि आत कोंबलेलं फडकं बुचासारखं वर आलं. त्याच्यामागून ऊन रक्ताची चूळ माझ्या गुडघ्यांवर आली, पोत्यांवर आली, गवतातून गाडीच्या फळ्यांवर टपटपायला लागली. मी खुंटी धरली तर ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा मी दातांनी पंच्याचं टोक धरलं आणि दोन्ही हातांनी पिळलं. तिच्यापेक्षा मीच जास्त ओरडत होते. चार फेरे. पाचवा. थांबलं. फडकं पुन्हा आत कोंबलं, मुठी ठेवल्या, भार टाकला, आणि शंभर मोजायला लागले ते चाळीसच्या पुढे मला काही येईना.

ती आता बोलत नव्हती. तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. नाकाशी गाल नेला तेव्हा श्वास लागला, बारीक आणि घाईघाईचा.

खालून माणसांचे आवाज आले. मी काय केलं ते सांगते. मी कोरडं गवत ओढलं आणि त्या ओल्या पोत्यांवर पसरलं. गेरूचा खडा कनवटीला होता. दुसरं घड्याळ काढायला पाहिजे होतं, हे मला तेव्हा कळत होतं. मी काढलं नाही.

दीर आला तो पाठीवर दार घेऊन. घराचं दार, बिजागऱ्यांसकट. मागून त्याची बायको आणि म्हातारा दुसरं दार घेऊन. गाडीची चाकं दोन, म्हणून दारं दोन. चरावर आडवी टाकली, खाली दगड दिले. त्याने गाडीत डोकावून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रक्ताने कमरेपर्यंत भरले होते.

‘भावजी,’ मी म्हटलं.

‘वहिनी, तुमचा पाय नंतर बघू,’ तो म्हणाला. ‘आधी हिचा वाचवू.’

एवढंच बोलला. पण बैलांची वेसण त्याने स्वतः धरली आणि गाडी दारांवरून इतकी हळू काढली की तिच्या कपाळावरचा केसही हलला नाही. पलीकडे गेल्यावर एका दाराची फळी मोडलेली मी बघितली.

अँब्युलन्स आमच्यानंतर थोड्याच वेळात आली. आत एक सिस्टर होती, पिकलेल्या केसांची, माझ्याच वयाच्या आसपासची. तिने मनगट धरलं, पट्टा बघितला, खुंटी बघितली. ‘कुणी बांधलं?’

‘मी.’

‘चांगलं बांधलंय.’ मग कपाळाकडे बघून थांबली. ‘हे काय?’

‘घड्याळ. दहा वीसचं.’

तिने मान हलवली. सुनेच्या हाताला सुई लावली, सलाईन चढवलं, वर जाड कांबळं टाकलं. मी आत शेजारी बसले. म्हातारा पुढे ड्रायव्हरजवळ. गाडी सुटली. सिस्टरने दवाखान्यात फोन लावला. ‘बाई, तिशीच्या आतली, मांडीची शीर... हो, पट्टा आहे, दहा वीसपासून... नाडी फार जोरात आहे, दाब लागतच नाही धड.’ मग पलीकडचं ऐकलं आणि फोन छातीशी धरून माझ्याकडे वळली. ‘डॉक्टर विचारतायत, पट्टा लावल्यावर मध्ये सोडला होता का? इतकं रक्त गेलंय कसं?’

मागच्या काचेतून दिराचं घर दिसत होतं, दारं नसलेलं.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘नाही म्हणतायत,’ तिने फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला.

मी घरात एवढी वर्षं काय केलं? दुसऱ्याच्या चुका शोधल्या. कुणी पेंढी सैल बांधली, कुणी कड सोडली, कुणी दार उघडं टाकलं. चूक सापडली की मी ती चारचौघांत वर धरून दाखवायची. माझी स्वतःची सापडलीच नव्हती कधी, कारण मला शोधणारं घरात कुणी नव्हतं. आणि आता समोर तिचं कपाळ होतं. घामाने गेरू जरा ओघळला होता, पण काटे दिसत होते. माझ्या हाताने काढलेलं घड्याळ. डॉक्टर त्याच्यावर विश्वास ठेवून हत्यार उचलणार होते.

‘सिस्टर,’ मी म्हटलं. ‘लावा परत फोन.’

‘काय झालं?’

‘मी खोटं बोलले. सोडला होता. चरापाशी. मीच सोडला. दोन फेरे.’

पुढे म्हाताऱ्याची मान वळली. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

‘किती रक्त गेलं?’ सिस्टरच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

‘पोती भिजली. खालच्या फळ्यांवर थारोळं आहे. मी गवत टाकून झाकलं.’

‘किती वाजता?’

मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, थांबलो तेव्हा बारा वाजत आले होते. सिस्टर फोनवर बोलत होती, ‘रक्ताची तयारी जास्त ठेवा, हो, आत्ताच, दारातच...’ आणि मी गेरूचा खडा काढला, थुंकीने ओला केला, आणि पहिल्या घड्याळाशेजारी दुसरं काढलं. गोल वाकडा आला. काटे दोन्ही वर, बाराजवळ एकमेकांना चिकटलेले.

ऑपरेशन संध्याकाळपर्यंत चाललं. बाहेर बाकावर मी आणि म्हातारा. उन्हं कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले, पोरसवदा माणूस. म्हणाले जगेल. रक्त दारात तयार होतं म्हणून जगेल. पायाचं काही दिवसांनी सांगता येईल.

‘कपाळावर कुणी काढलं ते?’ त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

‘दुसरं काढलंत ते बरं केलंत,’ डॉक्टर म्हणाले आणि गेले. एवढं चांगलं कुणी माझ्याबद्दल बोललं आणि मला मान खाली घालावी लागली, असं पहिल्यांदाच घडलं.

पाय राहिला. डाव्या पायाची दोन बोटं तिला अजून कळत नाहीत. चप्पल निसटली तरी चालत राहते आणि मग मागे वळून शोधते. त्या वर्षीचं उरलेलं गवत माळावरच वाळून गेलं. लाल पिशवी आता गाडीला बांधलेली असते, मीच बांधली. चर दिराने बुजवला. पण आमची गाडी गेली की तो अजून बाहेर येऊन कुंपणाचा कोपरा बघतो, आणि मी अजून त्याला म्हणते, ‘बघ, बघ, आहे का जागेवर!’ दाराला त्याने नवी फळी बसवली. ती बाकीच्या दारापेक्षा पांढरी दिसते.

पुढच्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा गाडीबरोबर आली. कटर मुलाने चालवला. त्याने ट्रकवरून महिन्याची सुटी काढली होती. कडेची पट्टी त्याने उभी ठेवली आणि मी काही बोलले नाही. गाडी भरली, ती वर गवतावर बसली. चर होता तिथे बैल नेहमीप्रमाणे थांबले. त्यांना तिथे थांबायची सवय लागली आहे.

गाडी थांबली आणि माझे हात खुंटीपर्यंत गेले. तिथेच राहिले. मी खुंटी धरून उभी राहिले, तर ती फिरवता येईना.

तिने वरून बघितलं. मग हळूहळू, पाय सांभाळत, खाली उतरली. माझ्या हातांखालून खुंटी घेतली, पीळ सोडला, दोर सैल केला. गवत दबकन खाली बसलं. तिने पुन्हा पिळलं. पीळ देता देता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, ‘आत्याबाई, एक विचारू? मला त्या दिवसाचं पुढचं काही आठवत नाही. सिस्टर म्हणाल्या पट्टा मध्ये सोडला होता. मी म्हटलं होतं का तुम्हाला, सोडा म्हणून?’

तिचा चेहरा मी बघितला. वर्षभर ही हा प्रश्न घेऊन फिरत होती. तीन दिवस शिकून आलेली, मला म्हणून दाखवायला लावलेलं, आणि स्वतःच मोडलं की काय, याची लाज घेऊन.

मी दोर चाचपला. टणक होता. कुठे खोट काढायला जागा नव्हती.

‘तू?’ मी म्हटलं. ‘तू म्हटलंस म्हणून मी करीन? तुझं ऐकतं कोण या घरात? चढ वर, डॉक्टरीणबाई. बैल खोळंबलेत.’